कावळ्यांच्या आधी डोळा

एप्रिल-मे आला की इंग्लंडमधल्या कम्ब्रियातल्या शेतकऱ्यांचे फोन ठरलेले. "रात्री ठणठणीत होती, सकाळी बघतो तर मेलेली." मेंढी बहुतेक जुळी कोकरं पाजणारी, विऊन महिना होत आलेला, कुरण खतांनी हिरवंगार. गवतात पोटॅशियम वाढलं की मेंढीच्या पोटात मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही, दुधातून तर ते रोज जातच असतं. हाडांत साठा भरपूर, पण ऐनवेळी तो हाती लागत नाही. मग रक्तातलं मॅग्नेशियम एकाएकी घसरतं आणि मेंढी मरते. इथले लोक या आजाराला 'स्टॅगर्स' म्हणतात. परळच्या व्हेटरनरी कॉलेजात मी हे परीक्षेपुरतं वाचलं होतं.

फोनवर मी आधी सांगते, मेलेल्या मेंढीच्या डोक्यावर बादली पालथी घाल. नवख्या शेतकऱ्याला वाटतं, बाई चेष्टा करतेय. पण मला हवा असतो डोळा, आणि कावळ्यांनाही आधी तोच हवा असतो. वरचा गेलेला असला तर मी मेंढी उलटवून बघते, जमिनीकडचा बऱ्याचदा शाबूत सापडतो.

डोळाच का? शवविच्छेदनात या आजाराची अशी खास खूण मिळत नाही. तोंडाशी फेस, पाय झाडून उकरलेली माती, कधी हृदयावर रक्ताचे बारीक ठिपके. पण ठिपके इतर आजारांतही दिसतात. रक्ताचा तर उपयोगच नाही. मेल्यावर पेशींमधलं मॅग्नेशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्ट खुशाल 'नॉर्मल' येतो. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी मात्र साधारण 24 तास भरवशाचं असतं, मागची जेली थंड हवेत 48 तासांपर्यंत. जेली दाट, म्हणून सुई जाड घ्यायची आणि दमानं ओढायचं. जोर लावला की आतला काळा रंग मिसळून नमुना गढूळ होतो.

शिवाय मेलेलं जनावर इथे शेतात पुरता येत नाही, उचलायला गाडी येते. तिच्याआधी पोचावं लागतं.

"मेलेलीवर कशाला खर्च?" असं विचारणारा भेटतोच. अरे, लसीनं टळणारा आजार समजून लस टोचत बसशील आणि उरलेल्या मेंढ्या तशाच चरत राहतील! म्हणून कळपातल्या काही जिवंत मेंढ्यांचं रक्तही घेते, आणि रिपोर्टची वाट न बघता मॅग्नेशियमचं खाद्य रोज सुरू करायला लावते. त्याची चव मेंढ्यांना मुळीच आवडत नाही, मळी कालवून द्यावं लागतं.