सांगोल्याचा तक्ता : दहा की अकरा?

सोलापूर जिल्ह्यातल्या एकेका विधानसभा मतदारसंघात कोण कधी निवडून आलं, याचा तक्ता करतो आहे. करमाळा, माढा उरकून मागच्या आठवड्यात सांगोल्याला हात घातला. सोपा म्हणून हा मतदारसंघ मुद्दाम मागे ठेवला होता. रकान्यात एकच नाव वरून खाली ओढत न्यायचं, मधे दोन-तीन ठिकाणी बदलायचं, तासाभरात विषय संपला, असा हिशेब. पाच संध्याकाळी गेल्या.

पहिली संध्याकाळ नावातच गेली. निवडणूक आयोगाच्या यादीत क्रमांक २५३ समोर 'सांगोले' आहे. तालुका, गाव आणि लोकांच्या तोंडी मात्र 'सांगोला'. विभक्ती लागली की दोन्हींचं 'सांगोल्यात'च होतं, म्हणजे वाक्यात भांडण मिटतं. तक्त्यात मिटत नाही. एका नावाने शोधलं की दुसऱ्या नावाच्या नोंदी निसटतात. म्हणून आता आयोगाचं नाव एका रकान्यात आणि बोलीतलं शेजारच्या रकान्यात, असं दोन्ही ठेवतो आहे. उमेदवारांच्या नावांचंही तेच. जुने अहवाल रोमन लिपीत, त्यात आडनाव कधी आधी, कधी शेवटी. एकच माणूस तक्त्यात दोन होऊन बसतो.

सुरुवात १९६२ पासून धरली. १९५७ ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्याची. महाराष्ट्र विधानसभेची पहिली १९६२ ची. तेव्हा जागा २६४ होत्या, १९६७ ला २७० झाल्या, १९७८ पासून २८८. १९६२ पासून २०२४ पर्यंत १४ सार्वत्रिक निवडणुका, म्हणून १४ ओळी आखल्या आणि भरायला बसलो.

१९६२ आणि १९६७ ला शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) भाई गणपतराव देशमुख. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० पुन्हा गणपतराव. १९९५ ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. १९९९, २००४, २००९, २०१४ परत गणपतराव. मोजा. दोन, चार आणि चार, दहा. पण गणपतराव ११ वेळा निवडून आले, हे तर सांगोल्यात शाळकरी पोरालाही पाठ.

मी आधी लोकांवरच शंका घेतली. अशा आकड्यांना फुगायची सवय असते. एखादी निवडणूक कुणीतरी प्रेमापोटी वाढवली असेल, असं वाटलं. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बोटांवर मोजलं. चूक माझ्या आखणीत होती. काकासाहेबांचं निधन झालं आणि १९७४ ला पोटनिवडणूक लागली. ती गणपतरावांनी जिंकली. सार्वत्रिक निवडणुकीच्या सांख्यिकी अहवालात पोटनिवडणूक नसते. मी फक्त तेच अहवाल उघडून बसलो होतो, त्यामुळे अकरावा विजय माझ्या तक्त्यात शिरायला वाटच नव्हती.

आणि ही पोटनिवडणूक उरलंसुरलं वर्ष भरून काढणारी नव्हती. १९७२ ची विधानसभा आणीबाणीत मुदतवाढ मिळून १९७८ पर्यंत चालली. पोटनिवडणुकीतून आलेल्या आमदाराला जवळजवळ चार वर्षं मिळाली. माझ्या पहिल्या तक्त्यात ही चारही वर्षं काकासाहेबांच्या नावावर होती.

तेव्हापासून पद्धत बदलली. दोन सार्वत्रिक ओळींच्या मधे एक कोरी ओळ सोडून देतो, लागली तर भरायची. शेजारच्या २५२, पंढरपूरला लगेच उपयोग झाला. तिथे २०१९ ला राष्ट्रवादीचे भारत भालके आणि २०२४ ला भाजपचे समाधान आवताडे, एवढंच सार्वत्रिक निकालांत दिसतं. भालके यांच्या निधनानंतर २०२१ ला पोटनिवडणूक झाली आणि आवताडे ३,७३३ मतांनी आले, हे कोऱ्या ओळीत बसलं. म्हणजे आवताडेंचे विजय दोन. आधीच्या आखणीत एकच भरला असता.

सांगोल्याची बेरीज आता जुळते. १५ लढती, त्यात गणपतराव ११, शहाजीबापू २ (१९९५ आणि २०१९), काकासाहेब १, आणि २०२४ ला आलेले गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख १. बासष्ट वर्षांत चार आमदार. माझ्या आतापर्यंतच्या मतदारसंघांत एवढी छोटी यादी दुसरी नाही.

वर्षांची गंमत वेगळीच. गणपतराव '५४ वर्षं आमदार' असं सर्रास छापलं जातं. १९६२ ते १९७२ ही १० वर्षं, १९७४ ते १९९५ ही २१, १९९९ ते २०१९ ही २०. बेरीज ५१. बारकाईने बघायचं तर १९८० साली फेब्रुवारीत विधानसभा बरखास्त झाल्यावर जूनपर्यंत राष्ट्रपती राजवट होती, तेवढे महिने आणखी वजा. मी तक्त्यात ५१ लिहिलं आहे. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर मी तयार आहे, पण कॅलेंडर घेऊन या.

'देशात विक्रम' हा शब्दही जपून वापरा. केरळात के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. त्यातली पहिली १९६५ ची, आणि १९६५ ची केरळ विधानसभा कधी भरलीच नाही. म्हणजे माणी निवडून आले १३ वेळा, सभागृहात बसले १२ वेळा. आता निवडून येणं मोजायचं की आमदारकी? मी दोन रकाने केले. दोन्हींत गणपतराव मागेच राहतात, त्यामुळे या वादात सांगोलेकरांची माफी आधीच मागून ठेवतो.

मताधिक्याचा रकाना भरताना मात्र मजा आली. १९९५ ला शहाजीबापू जिंकले १९२ मतांनी. २०१९ ला शिवसेनेकडून जिंकले ७६८ मतांनी. ७६८ म्हणजे बरोबर १९२ ची चौपट! अर्थ काहीच नाही, पण असं काही सापडलं की चहा थंड होतो. दोन्ही विजयांचं मताधिक्य मिळून ९६०. तेच बापू हरतात तेव्हा २०१४ ला २५,२२४ नी आणि २०२४ ला २५,३८६ नी. जिंकताना केसाच्या अंतराने, हरताना पंचवीस हजारांनी.

२०१९ ची ओळ पुन्हा पुन्हा बघावी अशी आहे. गणपतरावांनी वयामुळे लढायचं थांबवलं होतं आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे होते. बापूंना ९९,४६४, अनिकेत यांना ९८,६९६. आता २०१४ ची ओळ शेजारी ठेवा, गणपतराव ९४,३७४ मतांवर निवडून आले होते. म्हणजे नातू आजोबांपेक्षा चार हजारांहून जास्त मतं घेऊन हरला. 'आबासाहेब (म्हणजे गणपतराव) नाहीत म्हणून शेकापची मतं घटली' असं मी स्वतः कित्येकदा बोललो आहे. ते मागे घेतो. मतं समोरच्याची वाढली होती, ६९,१५० वरून थेट ९९ हजारांवर.

२०२४ ला बाबासाहेबांना १,१६,२५६, बापूंना ९०,८७० आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे यांना ५०,९६२. पक्षाच्या रकान्यात इथे गोंधळ उडतो. २०१९ ची शिवसेना आणि २०२४ ची धनुष्यबाण असलेली शिवसेना एकाच रंगात दाखवायची का? मधे जून २०२२ ची शिवसेनेतली फूट आहे, गुवाहाटी आहे आणि बापूंचं 'काय झाडी, काय डोंगार' आहे. मी रंग एकच ठेवला, पण २०२४ च्या चौकटीला तुटक रेघ दिली.

२००४ आणि २००९ च्या मधे मात्र जाड रेघ. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ या मतदारसंघात आलं, आणि वरचा लोकसभा मतदारसंघ झाला नवा माढा. १९७८ ते २००४ च्या सीमा १९७१ च्या जनगणनेवर, नंतरच्या २००१ च्या. त्यामुळे १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ एकाच नकाशावरचे नाहीत. चौपटीची मजा ज्यांनी घेतली त्यांनी हेही लक्षात घ्यावं.

पुढचं काम भाळवणी मंडळाची मतदान केंद्रं वेगळी काढायचं. २०१९ आणि २०२४ चे फॉर्म २० (केंद्रनिहाय निकालपत्रकं) घेऊन केंद्रनिहाय मतं मांडणार आहे. ७६८ सारख्या फरकात एक मंडळ किती वजन टाकतं ते बघायचं आहे.

दरम्यान २५४, माळशिरस सुरू केलं. तिथले आमदार हणमंत डोळस एप्रिल २०१९ मध्ये वारले. मुदतीचं वर्षही उरलं नव्हतं, म्हणून पोटनिवडणूक लागली नाही. तिथली कोरी ओळ कोरीच राहणार. ती पुसली नाही, 'रिक्त' लिहून ठेवली.