उत्तर मॅसेडोनिया : ओह्रिडसाठी तरी जाच

बाल्कनला गेलेली आपली मंडळी बहुतेक ग्रीस नाहीतर क्रोएशिया बघून परततात. उत्तर मॅसेडोनिया वाटेत आलाच, तर एका दुपारीत उरकतात. मला ते पटत नाही. महाराष्ट्राच्या जेमतेम बाराव्या हिश्शाएवढा, अठरा लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश आहे. त्याला समुद्र नाही, पण सवड काढून जावं असं तिथे बरंच काही आहे.

१९९१ मध्ये तो युगोस्लाव्हियातून वेगळा झाला. ग्रीसशी नावावरून वर्षानुवर्षं वाद चालला, २०१८ मध्ये करार झाला आणि २०१९ पासून नावामागे 'उत्तर' लागलं.

राजधानी स्कोप्ये. इथे नव्याने उभारलेले भव्य पुतळे इतके आहेत की डोळे शिणतात. ते बाजूला ठेवून मी जुन्या रेल्वे स्टेशनपाशी गेले. २६ जुलै १९६३ च्या पहाटे भूकंपाने शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त केला, हजाराहून अधिक माणसं गेली. स्टेशनचा मोडका भाग मुद्दाम तसाच राखलाय आणि दर्शनी घड्याळाचे काटे ५ वाजून १७ मिनिटांवर थांबलेले आहेत. ज्यांना किल्लारी आठवतं, त्यांचे पाय इथून लवकर निघणार नाहीत. त्यानंतर जगभरातून मदत आली. शहराच्या मध्यभागाचा नवा आराखडा जपानच्या केन्झो तांगे यांनी केला, आणि देशोदेशीच्या चित्रकारांनी दिलेल्या चित्रांमधून इथलं आधुनिक कलेचं संग्रहालय उभं राहिलं. पिकासोचंही चित्र त्यात आहे.

मदर तेरेसांचा जन्म १९१० मध्ये याच शहरातला. ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या जागी आज त्यांचं स्मारकगृह आहे. पुढे दगडी पूल ओलांडला की ऑटोमन काळातला जुना बाजार लागतो. शाकाहारी लोकांनी तिथे 'ताव्चे ग्राव्चे' मागवावं. मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत भाजलेलं पांढऱ्या घेवड्याचं हे कालवण, वरून लाल मिरचीचा खमंगपणा. पावाबरोबर पोटभर होतं. फक्त मांस किंवा सॉसेज न घालता द्या, हे आधी सांगावं.

मात्र जीव जडतो तो ओह्रिडवर. स्कोप्येहून बसने तीनेक तास. युरोपातल्या सर्वांत प्राचीन तळ्यांपैकी हे एक, जवळजवळ तीनशे मीटर खोल. जगात इतरत्र कुठेही न सापडणारे दोनशेहून जास्त जीव इथे आहेत. तळ्यावरच्या कड्यावरचं कानेओचं चर्च फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे संध्याकाळी गर्दी होते, म्हणून सकाळी जा.

दक्षिण टोकाला, अल्बानियाच्या हद्दीजवळ, स्वेती नाउमचा मठ आहे. अंगणात मोर हिंडतात. आत संत नाउमच्या समाधीच्या दगडाला कान लावला की त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, अशी श्रद्धा आहे. लोक रांगेने वाकून कान लावत होते. मीही लावला. शेजारीच झऱ्यांचं छोटं तळं आहे. वल्ह्याच्या होडीतून त्यावर फिरवतात. पाणी इतकं नितळ की तळाशी वाळू उकळल्यासारखी वर उसळताना दिसते. तिथून झरा फुटतो. हे पाणी बरंचसं डोंगरापलीकडच्या, उंचावरच्या प्रेस्पा तळ्यातून गालिचित्सा पर्वताच्या चुनखडीत झिरपत येतं. नावाडी वल्हं थांबवतो तेव्हा झाडांच्या सावलीत नुसतं खाली बघत राहावं. मला तरी तिथून उठवेना.

ओह्रिड तळ्याच्या पाण्याची बाहेरची वाट स्त्रुगा गावात आहे. काळी ड्रिन नदी तिथून निघते आणि तिच्या पुलावर दर ऑगस्टमध्ये कवितावाचन रंगतं. या महोत्सवाचा सुवर्णमुकुट १९८३ मध्ये आपल्या हिंदी कवी अज्ञेयांना मिळाला होता.

चलन देनार आहे. देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे व्हिसाचे नियम निघण्याआधी नीट तपासा. पाट्या सिरिलिक लिपीत असतात, तेवढी अक्षरं शिकून गेलात तर बसस्टँडवर अडत नाही. जून किंवा सप्टेंबर उत्तम. सप्टेंबरात लाल मिरच्या भाजून 'आयवार' नावाची चटणी घालायचा हंगाम सुरू होतो आणि गल्लोगल्ली त्याचा वास भरतो. स्कोप्येत दोन रात्री पुरतात, ओह्रिडला निदान तीन ठेवा.