लिफ्टनंतरची थरथर: १८० किलोमीटरची फेरी आणि शाफ्टचे कोन

गाडी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, ताकद मागच्या धुऱ्याला नेणारा एकसंध प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (कोनातही फिरणारा सांधा, यू-जॉइंट). लिफ्ट (गाडी उंच करणं) तीन इंची, मागे किटमधलेच उतरते ब्लॉक (स्प्रिंग आणि धुऱ्यामध्ये बसणारे, एका बाजूला कमी जाडीचे तुकडे), टायर ३१ इंची. रस्ता आधी सपाट हायवे, मग घाट, शेवटी कच्चा. बरोबर डिजिटल अँगल गेज, टॉर्क पाना, खडू, चाकांना लावायचे ठोकळे आणि कमी उताराचे ब्लॉक.

७० पर्यंत गाडी गप्प होती. ७५ ला सीटखाली गुणगुण सुरू झाली आणि ९० ला आरशातलं चित्र पुसट झालं. स्टीअरिंग मात्र स्थिर. त्याच वेगाला न्यूट्रल करून पाहिलं तर थरथर थोडी उतरली, पण गेली नाही. म्हणजे इंजिन सुटलं. राहिले चाक किंवा शाफ्ट.

इथे लोक चाकं बॅलन्स करत बसतात. त्याआधी दोन मिनिटं हिशोब करा. ९० च्या वेगाला ३१ इंची चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेतं. डिफरन्शियलचं (धुऱ्यातल्या गिअरपेटीचं) प्रमाण ४.१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे, असेल तर शाफ्ट घेतो ४२ च्या आसपास. चाकाचा दोष १० ला हलवतो, तो हाताला कळतो. शाफ्टचं बॅलन्स बिघडलं असेल तर ४२. क्रॉसचे कोन चुकले तर एका फेऱ्यात दोन झटके, म्हणजे ८४. मोबाइलवरच्या कंपन मोजणाऱ्या अॅपमध्ये उंच टोक ८४ लाच होतं.

पुढच्या सपाट जागी गाडी उभी केली. मोजमाप चाकं जमिनीवर आणि नेहमीचं वजन गाडीत असतानाच घ्यायचं. जॅकवर लोंबणाऱ्या धुऱ्याचे आकडे फुकट. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) आउटपुट मागे ४ अंश उतरता, शाफ्ट ९.५, पिनियनचं (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला जोडतो त्या दांड्याचं) तोंड ७ अंश वर. पुढच्या क्रॉसवर ५.५, मागच्यावर २.५. तीन अंशांची तफावत, आणि तीच गुणगुण. किटच्या ब्लॉकने पिनियन ट्रान्सफर केसकडे वळवला होता. ते फक्त डबल कार्डन शाफ्टला (एका टोकाला क्रॉसची जोडी असलेल्या) चालतं. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टला पिनियन आणि आउटपुट समांतरच हवेत, कारण एका क्रॉसने वेगात घातलेला चढउतार दुसऱ्याने तेवढाच उलटा काढायचा असतो.

दुरुस्ती दोन ठिकाणी. चॅसी आणि ट्रान्सफर केसच्या क्रॉसमेंबरमध्ये (पेटीखालचा आडवा आधार) २५ मिमीचे स्पेसर घातले, आउटपुट ५.५, शाफ्ट ८.५ वर आला. असं उतरवल्यावर फॅनची पाती, एक्झॉस्ट आणि गिअर लिव्हर कुठे घासत नाहीत ना, हात घालून पाहा. मागे दोन अंश कमी उताराचे ब्लॉक, म्हणजे पिनियन ५. समांतरपेक्षा अर्धा अंश खाली मुद्दाम ठेवला: अॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियन अंशभर वर उचलला जातो. ब्लॉकवर वर पाचर रचू नका, रचलेला ढीग सरकतो. पाचर लावायचीच तर पोलादी, अॅल्युमिनियमची दाबाखाली चेपते. स्प्रिंग धुऱ्याच्या वर असेल तर जाड बाजू पुढे केल्यावर पिनियन खाली जातो.

शाफ्ट काढताना योक (क्रॉस धरणारा काटा) आणि फ्लँजवर खडूची खूण आधी. स्प्लाइन (शाफ्टचा सरकणारा दातेरी सांधा) एक दात जरी चुकवून बसली तरी दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत, फेज जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. शिवाय शाफ्ट सुटला की गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये टाकूनही मागची चाकं धरली जात नाहीत. ठोकळे आधी, पाना मग.

परत हायवेला ९५ पर्यंत साफ. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण भाराखाली बारीक घरघर आली. क्रॉसला ग्रीस मारल्यावर थांबली. कच्च्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात पूर्ण लोंबतं केलं आणि स्प्लाइनवर सरकणाऱ्या स्लिप योकची खडूची रेघ किती बाहेर आली ते पाहिलं. लिफ्टनंतर इथे स्प्लाइन अपुरी उरते, तशी उरली तर लांब शाफ्टच करावा लागतो. इथे पुरेशी होती.

ज्यांच्या गाडीला दोन तुकड्यांचा शाफ्ट आहे, त्यांची थरथर बहुधा वेगाला नाही, उठताना ०–४० मध्ये येते. तिथे आधी दोन तुकड्यांमधलं सेंटर बेअरिंग स्पेसरने खाली घ्या. धुरा स्प्रिंगला बांधणारे यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कने आवळा. नवे ब्लॉक बसतात, नट सैल होतात.