आमची वाटचाल : सात सर्व्हर आणि एक राहून गेलेले मॉड्यूल

जुन्या सर्व्हरवरील लिनक्स ही कार्यप्रणाली व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर, हलवून देणे हे आमचे काम. पहिली काही वर्षे सुरळीत गेली, त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते ज्या रात्री आमचा व्यवसाय बुडता बुडता राहिला त्या रात्रीविषयी.

लिनक्स सुरू होताना तिचा गाभा, म्हणजे कर्नल, आधी इनिटरॅमएफएस नावाची छोटी प्रतिमा उघडतो; डिस्क ओळखायला लागणारी मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, तीत असावी लागतात. ही प्रतिमा ड्राकट हे साधन बांधते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ६व्या आवृत्तीत ती सर्वसाधारण, म्हणजे निरनिराळ्या यंत्रांवर चालेल अशी असे, त्यामुळे यंत्र बदलले तरी व्हर्च्युअल मशीनला लागणारी व्हर्टआयओची मॉड्यूल आत सापडत. २०१४ मध्ये आलेल्या ७व्या आवृत्तीत होस्ट-ओन्ली पद्धत मुळातच चालू होती, म्हणजे ज्या यंत्रावर प्रतिमा बांधली, त्याला लागणारीच मॉड्यूल तीत राहू लागली. हे आम्ही वाचले होते, पण कामाच्या यादीत उतरवले नव्हते. एका ग्राहकाचे सात सर्व्हर आम्ही एका रात्रीत हलवले, तेव्हा प्रतिमेत जुन्या रेड कंट्रोलरचे (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचे) मेगारेड-एसएएस हे मॉड्यूल होते आणि व्हर्च्युअल मशीनची डिस्क दाखवणारे व्हर्टआयओ-ब्लॉक नव्हते. कर्नल सुरू झाला, पण त्याला डिस्क दिसेना, कारण डिस्क दाखवणारे मॉड्यूल त्या डिस्कवरच पडून होते. सातही पडद्यांवर ड्राकटचा आपत्कालीन शेल, म्हणजे फक्त आज्ञा लिहिण्याची जागा, उघडला.

माझ्या भागीदारांनी ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतील रेस्क्यू (बचावाची) नोंद निवडली. तिची प्रतिमा सर्वसाधारण असल्याने पहिले मशीन उठले. मी घाईने कर्नलची आवृत्ती न देताच ड्राकट चालवले, त्यामुळे नवी प्रतिमा रेस्क्यू नोंदीने चालू केलेल्या जुन्या कर्नलची बांधली गेली आणि नेहमीची नोंद पुन्हा तिथेच अडकली. त्यात दोन तास गेले. भागीदारांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही. त्यांनी मॉड्यूलच्या संचिकांतून (फाइलींतून) नेहमीच्या कर्नलची नेमकी आवृत्ती पाहिली, ती आज्ञेत लिहिली आणि उजाडेपर्यंत सातही सर्व्हर चालू केले.

याच क्षेत्रातील एका संस्थेने मात्र आमच्या दोन ग्राहकांना ‘यांना लिनक्स हलवता येत नाही’ असे सांगितले. दोघांनीही करार मोडले आणि एकानेही आम्हाला कारण विचारले नाही, हे आजही खुपते. ज्यांचे सर्व्हर बंद पडले होते, त्या ग्राहकाने सकाळी कारण लेखी मागितले, ते शेवटपर्यंत वाचले आणि उरलेली मशीनेही आमच्याकडेच सोपवली.

या कामात नव्याने उतरणाऱ्यांनी जुने यंत्र चालू असतानाच प्रतिमेत व्हर्टआयओ-ब्लॉक आणि व्हर्टआयओ-स्कझी ही आभासी डिस्कची दोन्ही मॉड्यूल घालून घ्यावीत. ड्राकटच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) संचिकेत ही नावे लिहिताना अवतरणचिन्हांच्या आत दोन्ही टोकांना मोकळी जागा सोडावी, नाहीतर दुसऱ्या संचिकेतील नाव त्यांना चिकटते आणि दोन्ही मॉड्यूल गळतात. मग प्रतिमेत काय आहे ते दाखवणाऱ्या एलएसइनिटआरडी या आज्ञेने प्रतिमा उघडून ती नावे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत. आमच्याकडे ही यादी छापून त्यावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय जुना सर्व्हर बंद केला जात नाही.