तुम्ही विचारलंत म्हणून: "पहिलं काय लावू?"

शिवरात्र झाली की हा प्रश्न सुरू होतो. बहिणीची सून फोनवर विचारते, बचत गटातल्या बाया विचारतात, एसटीत शेजारी बसलेली ओळखीची बाई विचारते. "काकू, घरामागच्या सांदवाडीत उन्हाळ्याची भाजी लावतो म्हणतो. पहिलं काय लावू?" मी म्हणते, पहिलं घरच्या फवारणीच्या पंपाचं बघ. समोरचीचा चेहरा पडतो. तिला भाजीचं नाव हवं असतं आणि मी टाळाटाळ करते आहे असं तिला वाटतं. सात-आठ वर्षं हेच चाललंय. आता सगळं लिहूनच टाकते.

नावं हवीत ना? भेंडी, गवार, चवळी लावा. कुंपणाला दोडका आणि काकडी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोबलं की आठवड्याच्या आत उगवतं, दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू. टमाटर मार्चात लावू नका; फुलं धरायच्या वेळी आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो आणि फुलं गळून जातात. शेणखत पुरतं कुजलेलं घ्या, ओल्या शेणाला वाळवी लागते. आळ्यात सोयाबीनचं कुटार अंथरा, नाहीतर काळी जमीन भेगाळते आणि मुळं तुटतात. पाणी सकाळी ऊन चढायच्या आत द्या. हे कोणीही सांगेल. यासाठी मला विचारायची गरजच नाही.

मी भाजी लावायला का लागले, तेही आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. 2017 च्या पावसाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्यावर गेली होती. फवारणारी माणसं खालून वर फवारत होती, औषध त्यांच्याच तोंडावर येत होतं. एकट्या आमच्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं विषबाधेनं गेली. त्या दिवाळीत मी ठरवलं, निदान ताटातली भाजी तरी बिनविषारी हवी.

2018 ची शिवरात्र झाली आणि मी वाफे केले. भेंडी, चवळी, गवार माझ्या हातानं टोबली. मिरची आणि वांग्याची रोपं शेजारणीनं दिली. तिच्या हाताला रोपं फार चांगली येतात. तीस-पस्तीस रोपं, मुळाला ओली माती लावून, पळसाच्या पानात गुंडाळून तिनं कुंपणावरून दिली होती. पैशाचा विषय निघालाच नाही.

मार्चात चवळीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला. मी अर्धा किलो निंबोळ्या कुटल्या, रात्रभर भिजवल्या, फडक्यानं गाळून दहा लिटर अर्क केला. कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, खुंटीला पाठीवरचा पंप टांगलेला होता, तोच घेतला. संध्याकाळी चवळीपासून सुरुवात केली, मग मिरची, वांगी, भेंडी. गवारीच्या ओळीपाशी अर्क संपला. गवारीवर मावा नव्हता, म्हणून तिथंच थांबले.

तीन दिवसांत शेंडे वाकले. पाडव्यापर्यंत मिरचीची पानं आखडून गेली, वांग्याचे देठ पिळल्यासारखे झाले, भेंडीचं नवं पान कोंबडीच्या पंजासारखं निघायला लागलं. मी एकच म्हणत होते, चुरडा-मुरडा. रोपांबरोबर रोग आला.

सणाचा दिवस, तिच्या दाराशी गुढी उभी होती. मी मिरचीची रोपं उपटली, ओटीभर नेली आणि तिच्या अंगणात टाकली. म्हटलं, "तुह्या रोपाईनं मही सारी वाडी नासवली." ती हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, "वैनी, माह्याकडची तं चांगली हायेत वो. येऊन पाहा ना." मी पाहायला गेले नाही. मागं वळले आणि घरी आले.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गवारीची ओळ हिरवीगार उभी होती आणि ती मी भांडायला जाण्याआधी पाहिली होती. भेंडीचं बी माझं स्वतःचं होतं, तिच्या रोपांशी त्याचा काही संबंध नव्हता, हेही मला कळत होतं. तरी गेले. का गेले याची कारणं मी पुष्कळ शोधली. इतकी मेहनत केली होती, वर्षभर मनात भीती होती, वगैरे. त्यातलं एकही कारण मला पुरत नाही.

संध्याकाळी मालक वावरातून आले. वाकडी भेंडी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हे गव्हातलं औषध हाय." डिसेंबरात विहिरीजवळच्या गव्हात रुंद पानाच्या तणासाठी त्यांनी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं, त्याच पंपानं. पंप दोनदा धुतला होता, माझ्यासमोर. पण ते औषध रबरी नळीत, वायसरात, नोझलच्या जाळीत धरून राहतं, आणि कपाशी, भेंडी, टमाटर, मिरची, वेलवर्गीय भाज्या यांना त्याचा अंशही पुरतो. गव्हाला काही होत नाही, म्हणून गव्हावाल्याला ते कळत नाही. धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाजवळच्या, पऱ्हाटीवर असली पानं मी त्याआधी दोनदा पाहिली होती. वावरात लगेच ओळखलं असतं. सांदवाडीत ओळखलं नाही, कारण तिथं विष असेल हे मला मान्यच करायचं नव्हतं.

लोक म्हणतात, पंप अमोनियाच्या पाण्यानं भरून रात्रभर ठेवला की निघतं. तशी शिफारस आहे, खरं आहे. मी तरी तो पंप भाजीला पुन्हा लावला नाही. लिटरभराचा हातानं दाबायचा छोटा पंप आणला, तो स्वयंपाकघरात ठेवते. मावा थोडा असेल तर तोही लागत नाही, पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन निघतो.

मालकांचं म्हणणं, हे सगळं सांगून तू बायांना घाबरवतेस, त्या लावायच्याच नाहीत. असेलही. आणि तुम्ही मला विचारू शकता, की वावरात तर तुम्ही अजून तेच फवारता, मग चार वाफ्यांचं एवढं काय? फवारतो. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशकही मारतो. घरची भेंडी बिनविषारी आणि दारापुढचं वावर तसंच, हे मला जुळवता आलेलं नाही.

शेजारणीकडं मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. चूक कबूल केली. तिनं चहा दिला, म्हणाली, "जाऊ द्या वैनी." पुढच्या वर्षीपासून कुंपणावरून रोपं आली नाहीत. मागायला हवी होती का, की मागणं म्हणजे पुन्हा तिच्यावरच भार टाकणं, हे अजून कळलेलं नाही. मिरचीचं रोप मी आठवडी बाजारातून आणते. तितकं चांगलं येत नाही.

तर यंदा ज्यांनी विचारलं त्यांना: आधी कोठ्यात जा, पंप पाहा, आणि गव्हात, धुऱ्यावर त्यातून काय मारलं ते घरात विचारा. मग फोन करा. भेंडीचं बी मी देते.