यू-क्लँपचे पाय एकदाचे समोरासमोर

दोन्ही पायांतून सोळाचा बोल्ट आरपार गेला. हातोडी न लागता, नुसता बोटांनी ढकलून. झोपाळ्याच्या क्लँपचं रडगाणं ज्यांनी मागच्या नोंदींत सोसलं, त्यांना याचं मोल कळेल. नव्यांसाठी: पोलादी पट्टी यू आकारात वाकवून झोपाळ्याच्या तुळईवर उलटी बसवायची आणि तुळईखाली दोन्ही पायांतून बोल्ट घालायचा, तो हा क्लँप. त्याचे पाय आजवर समोरासमोर येतच नव्हते.

माप तेच आहे. पट्टी ५० बाय १० (सगळी मापं मिमीत), म्हणजे आपली दोन इंची तीन सुती. तुळई १२५ ची, पाय बाहेरून २०० चे. प्रेसही तीच: खाली २० टनी बॉटल जॅक, रॅमवर (जॅकमधून वर येणाऱ्या दांड्यावर) टेबल, टेबलावर व्ही-डाय (व्ही आकाराचा साचा) आणि त्यात पट्टी दाबणारा पंच वरच्या चॅनेलला पक्का. ताकद कधीच कमी पडत नव्हती. व्हीचं तोंड ८० मिमी आणि साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) ताणशक्ती ४१० एमपीए धरली, तर या पट्टीला साडेतीन टन पुरतात. ‘जॅक तीस टनीच घ्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन घेऊन बसावं. रुंदी दुप्पट केली तर जोर दुप्पट लागतो, जाडी दुप्पट केली तर चौपट. त्याच व्हीमध्ये २० जाडीची पट्टी घातली की चौदा टनांच्या आसपास जातं, तेव्हा मोठ्या जॅकचं बोलू.

दुखणं होतं ते झुकण्याचं. वाकलेला पाय गुण्याला (काटकोन तपासायच्या अवजाराला) समोरून बरोबर ९० दाखवायचा आणि बाजूने बघितलं की टोकाशी सहा मिमी कलंडलेला. २०० मिमी उंचीवर सहा मिमी म्हणजे मुळात ५० मिमी रुंदीत वाकाची रेघ जेमतेम दीड मिमी तिरकी. मार्कर नीट न टोकलेला असला तरी एवढं होतं, म्हणून आधी मार्किंगवर संशय. रेघ स्क्रायबरने गुण्या लावून मारली, तरी तेच. मग पट्टीवर संशय. री-रोल (भंगार पुन्हा लाटून केलेला) माल आहे, १० म्हणून घेतलेली पट्टी कॅलिपरवर ९.४ भरते. वजनावर घेतो म्हणून पैशाचं नुकसान नाही, पण एकाच पट्टीत एक जागा मऊ आणि एक कडक लागते, हे मला अजिबात आवडत नाही. तरीही कडक-मऊने कोन कमीजास्त होईल, पाय दरवेळी बाजूला कसा कलंडेल?

‘लाल करून वाकव, सगळं सरळ होईल’ हा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. भट्टी आणि भाता असेल तर जरूर. माझ्याकडे एलपीजीचा टॉर्च आहे, आणि त्याने या जाडीची पट्टी पूर्ण रुंदीत सारखी लाल होत नाही. एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळसर. दोन-तीनशे डिग्रीच्या त्या निळ्या टप्प्यात पोलाद थंडपेक्षाही ठिसूळ असतं, तिथे वाकवणं म्हणजे बाहेरच्या अंगाला तडा मागून घेणं. पुढचा पाय थंडच वाकवायचा हे त्याच दिवशी ठरलं.

उत्तर खडूने दिलं. टेबलाच्या कडेवर आणि खालच्या बेडवर एकासमोर एक अशा दोन खुणा केल्या आणि पंप मारायला लागलो. पट्टी पंचला टेकेपर्यंत खुणा समोरासमोर होत्या. जोर बसायला लागला तसं टेबल हळूहळू फिरायला लागलं. दिसेल न दिसेल इतकं, पण खुणा सरकल्या. बॉटल जॅकचा रॅम गोल आणि मोकळा, त्याला फिरण्यापासून अडवणारं काहीच नाही. पंपाच्या दांड्याची ओढ एका बाजूने, त्यामुळे टेबल दरवेळी त्याच दिशेला वळणार.

मग वाटलं, तिरकेपणा एकाच दिशेचा आहे ना, तर दुसरा पाय करताना पट्टी टोकाशी टोक फिरवून घालावी, चुका एकमेकींना मारतील. कागदाची पट्टी दुमडून बघितली तर उलटंच झालं. यूचे दोन्ही वाक एकाच बाजूला असतात, त्यामुळे पट्टी आडव्यात कशीही फिरवली तरी दोन्ही रेघा समांतर तिरक्याच राहतात. एक पाय डावीकडे कलंडतो, दुसरा उजवीकडे, आणि सहाचे बारा होतात. बोल्ट शिरायचा नाही तो नाहीच. कागदाची पट्टी घरात कुणालाही दुमडून दाखवा, पटकन पटतं. आईला दाखवली तर तिने एवढंच विचारलं, ‘झोपाळा कधी?’

आता टेबल रॅमला जोडलेलंच नाही. टेबलाच्या दोन्ही टोकांना अँगलचे तुकडे लावले, ते उभ्या चॅनेलला कवेत घेऊन वर-खाली सरकतात. रॅम खालून एका ग्रीस भरलेल्या वाटीत टेकतो, फिरायचं तर फिरू दे बिचारा. उभ्या चॅनेलमधलं अंतर ३००, प्रत्येक बाजूला अर्धा मिमी ढिलाई सोडली आहे. सगळी ढिलाई एका अंगाला गेली तरी पायाच्या टोकाशी पाऊण मिमीच्या आत. डायवर पट्टीच्या दोन्ही कडांना टेकणाऱ्या पिनाही बसवल्या, म्हणजे पट्टी स्वतःहून सरकायला नको.

आणि इथे दुसरं संकट. पहिला पाय उभा राहिला, दुसरा वाकवताना तो आत कलत येतो आणि थेट पंचवर आपटतो. काढून बघितलं तर या मापांना पाय पंचच्या मध्यरेषेला वाकापासून साधारण १७५ उंचीवर छेदतो. पाय ११५ पर्यंत असते तर टेकलेच नसते. पाय छोटे करायचं जवळजवळ ठरवलं होतं, पण तुळईच्या खाली बोल्ट घालायचा तर तेवढी लांबी हवीच.

म्हणून पंचच बदलला. मधला भरीव ठोकळा काढून टाकला आणि सोळाच्या दोन प्लेटा ६० च्या अंतरावर उभ्या केल्या. खाली दोघींतून आरपार जाणारी ईएन ८ ची (मध्यम कार्बनच्या पोलादाची) गोल पिन, तीच पंचचं नाक. पट्टीचा पाय त्या खिडकीतून सुखरूप निघून जातो! पिन आधी २० ची घेणार होतो, पण मधल्या ६० च्या गाळ्यात साडेतीन टनांखाली ती स्वतःच वाकायला आली असती. २५ ची घेतल्यावर ताण निम्म्यावर आला. वेल्डिंग टाळलं. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या घरात, आधी नीट तापवल्याशिवाय रोड लावला तर शेजारी तडकतं. प्लेटांना भोकं उद्यमनगरात पाडून घेतली. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा: एका गल्लीत पिन, पुढच्या गल्लीत बोअरिंग, आणि मधे चहा. ऑनलाइन ‘बेंडिंग किट’ मागवणाऱ्यांची मला खरंच कीव येते.

२५ च्या पिनेमुळे आतली त्रिज्या साडेबारा आली. ८० च्या व्हीमध्ये एमएस स्वतःहून जवळपास तेवढीच त्रिज्या घेतो, त्यामुळे पंच आणि पट्टी एकमेकांशी भांडत नाहीत. गोल वळणात पट्टी कोपरा कापून जाते, म्हणून प्रत्येक वाकाला बाहेरच्या मापातून १९ वजा धरले: २००, १४५ (तुळई १२५ अधिक दोन जाड्या), २०० मिळून ५४५, त्यातून ३८ गेले, कापायची लांबी ५०७. सुताराला तुळईच्या कडाही साडेबाराच्याच त्रिज्येने गोल मारायला सांगितल्या आहेत. आतल्या अंगाला पट्टी फुगून दोन्ही कडांना कान येतात, ते ग्राइंडरने उडवले. भोकं मात्र वाकवल्यानंतरच पाडली, यापुढेही तसंच.

स्प्रिंगबॅक, म्हणजे जोर सोडल्यावर पट्टी परत उघडते ते, दोन डिग्रीच्या आसपास. आतापर्यंत जोर सोडायचा, गुण्या लावायचा, पुन्हा दाबायचं असं चालू होतं. हे लिहिता लिहिता सुचतंय की व्हीच्या तळाला एक बोल्ट उभा करावा. पट्टीचं पोट त्याला टेकलं की थांबायचं, आणि बोल्ट एकदा ८८ ला सेट केला की पुढचे सगळे वाक सारखे. उद्या सकाळी डायच्या तळाला १२ चं टॅप मारतो (बोल्टसाठी आटे पाडतो). म्हणजे दुसरा क्लँप रविवारी करायचा बेत पुढे गेला.

डाय खोलणारच आहे तर खांदेही (व्हीच्या तोंडाच्या दोन कडा, ज्यांवर पट्टी टेकते) बघून घेतो. सध्या ३२ च्या गोल बार बेसला पक्क्या आहेत आणि ग्रीस लावूनही बाहेरच्या अंगाला ओरखडे पाडतात. त्या फिरत्या केल्या तर ओरखडे जातील, जोरही थोडा कमी लागेल. कुणी असे फिरते खांदे केले असतील तर गनमेटलचे बुश घातले की नुसत्या अर्ध्या पाइपच्या खोबणीत बसवले, तेवढं सांगा.