पेन घ्यायला पालेखला

सोमवारी जाऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण आम्ही नेमके सोमवारीच गेलो. रशियातल्या इव्हानोवो शहरातून बस पकडली, दीडेक तास खिडकीतून पिवळी पडलेली बर्चची झाडं बघितली, पालेखला उतरलो, तर संग्रहालयाच्या दाराला कुलूप. रशियातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. शिवाय महिन्यातला एक दिवस साफसफाईसाठी राखलेला असतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. भाची म्हणाली, "मामा, मी म्हटलं होतं ना, आधी फोन करून बघू या." म्हटलं होतं, हे खरं.

भाची इव्हानोवोत डॉक्टरकी शिकते, चौथं वर्ष. तिला भेटायला जातोय, हे घरी सांगायचं कारण. दुसरं कारण काळं, बोटभर लांबीचं होतं. पुण्यात शाईच्या पेनांचे वेडे अधूनमधून जमतात. तिथे एकाने असं एक पेन भिंगाखाली धरायला दिलं होतं. काळ्या दांडीवर तीन घोडे, आणि एकेका घोड्याच्या आयाळीत सोन्याच्या वीस-पंचवीस रेघा, केसापेक्षा बारीक. मी शहाणपणा करत म्हणालो, "जपानी माकी-ए दिसतंय." तो हसला. "पालेख," म्हणाला. रशियातलं गाव, काळ्या डब्यांवरच्या असल्या बारीक चित्रांसाठी नावाजलेलं.

हा घोटाळा सर्रास होतो, म्हणून इथेच निस्तरतो. माकी-ए म्हणजे उरुशीच्या लेपावर सोन्याची पूड पेरून केलेलं जपानी चित्रकाम, आणि उरुशी हा झाडाचा चीक. आपली लाख किड्यापासून मिळते. रशियन लघुचित्रांवरचा लेप या दोन्हींपैकी नाही. ते तेल आणि राळ यांचं वॉर्निश. खाली बहुतेक वेळा कागदाचा लगदा नसतो, तर पुठ्ठ्याचे थर असतात. खळ लावून साच्याभोवती गुंडाळायचे, दाबायचे, मग कोमट जवसाच्या तेलात मुरवायचे आणि भट्टीत सावकाश वाळवायचे. हे सगळं झाल्यावर पुठ्ठा लाकडासारखा होतो, करवतीने कापता येतो. कारखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या जवसाचा वास आला आणि मला वर्ध्याची आजी आठवली. तिथल्या बाईंना मी जवसाच्या चटणीबद्दल सांगायला गेलो. भाचीने भाषांतर केलं, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

रशियात अशा कामाची चार गावं आहेत: फेदोस्किनो, पालेख, म्स्त्योरा आणि खोलुय. चारही एकाच फेरीत करायचा हट्ट धरू नका. म्स्त्योरा मी सोडलं आणि त्याचं वाईट वाटत नाही. मात्र सुरुवात मॉस्कोतूनच करा. देलेगात्स्काया रस्त्यावर सजावटी कलांचं मोठं संग्रहालय आहे. तिथे चारही गावांचं काम एकाच छताखाली दिसतं. तीन तास तिथे घालवले की पुढे दुकानदार आपल्याला सहजी गंडवू शकत नाही. मी आधी दुकानात गेलो असतो तर गंडलोच असतो.

फेदोस्किनो मॉस्कोच्या उत्तरेला, पस्तीसेक किलोमीटरवर, उचा नदीच्या काठी. टॅक्सीने तासाभराचं काम. इथली गोष्ट सगळ्यात जुनी. कोरोबोव्ह नावाच्या व्यापाऱ्याने जर्मनीत ब्राउनश्वाइगला श्टोबवासरचा कारखाना पाहिला आणि १७९५ साली इथे काम सुरू केलं. काम कसलं, तर सैनिकांच्या टोप्यांची पुढची झापडं! तपकिरीच्या डब्या आणि त्यांवरची चित्रं नंतर आली. पुढे कारखाना त्याच्या जावयाकडे, लुकुतिनकडे गेला आणि पिढ्यानपिढ्या त्याच घराण्यात राहिला. १९०४ मध्ये तो बंद पडला, तेव्हा सहा वर्षांनी कारागिरांनीच सहकारी संस्था काढली. इथे तैलरंग वापरतात. रंगाखाली कुठे शिंपल्याचा पातळ तुकडा, कुठे सोन्याचा वर्ख घालतात आणि वर पारदर्शक रंग चढवतात. डबी हातात फिरवली की चित्रातल्या बर्फावर किंवा समोवारवर, म्हणजे चहाच्या पाण्याच्या भांड्यावर, आतून उजेड पडल्यासारखा दिसतो.

मात्र पेनावर मला फेदोस्किनो तितकंसं पटलं नाही. त्यांचं चित्र म्हणजे खिडकीतून दिसणारा देखावा: चहा पिणाऱ्या बायका, त्रोइका म्हणजे तीन घोड्यांची गाडी, एखादा चेहरा. डबीच्या सपाट झाकणावर तो शोभतो. पेनाच्या गोल दांडीवर मात्र एका वेळी जेमतेम निम्मं चित्र दिसतं. अर्धी बाई, अर्धा समोवार. शिंपल्याचा तुकडा दांडीच्या वळणावर बसवणं हा वेगळाच ताप.

पालेखचं गणित निराळं आहे, ते कळायला थोडा इतिहास लागतो. हे गाव प्रतिमाकारांचं, म्हणजे चर्चमधली पवित्र चित्रं काढणाऱ्यांचं. क्रेमलिनमधल्या जुन्या दरबार महालाच्या भिंती १८८२ मध्ये नव्याने रंगवल्या त्या पालेखच्याच बेलोउसोव्ह बंधूंनी. १९१७ नंतर देवाच्या चित्रांना गिऱ्हाईक उरलं नाही. कुणी शेती धरली, कुणी बाहेरगावी गेलं. इव्हान गोलिकोव्ह नावाच्या चित्रकाराने मॉस्कोच्या हस्तकला संग्रहालयात लुकुतिनच्या काळ्या डब्या पाहिल्या आणि आपला अंड्याच्या बलकातला रंग त्यांच्यावर चालवून बघितला. ५ डिसेंबर १९२४ ला सात जणांनी मिळून संस्था काढली. नाव होतं 'प्राचीन चित्रकलेची सहकारी संस्था'. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं काम गाजलं.

आता पेनाकडे येतो. जुन्या प्रतिमाचित्रांत एकाच फळीवर संताचं अख्खं आयुष्य असतं. तोच माणूस चार-पाच ठिकाणी, वेगवेगळ्या प्रसंगी. पालेखवाल्यांनी तीच सवय परीकथांना लावली. एकाच डबीवर राजपुत्र सोनेरी सफरचंदाच्या झाडाखाली जागतोय, पलीकडे अग्निपक्ष्याचं पीस धरतोय, अजून पुढे करड्या लांडग्यावर बसून चाललाय. हे चित्र दांडीभोवती गुंडाळलं की पेन फिरवता फिरवता गोष्ट पुढे सरकते. एका नजरेत सगळं न दिसणं हा इथे दोष उरत नाही. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे करत कथा सांगतात, त्याचीच मला आठवण झाली. फक्त इथे सांगणारा कुणी नाही, आपली बोटंच आहेत. ज्यांनी लहानपणी मॉस्कोहून छापून आलेली रशियन परीकथांची मराठी पुस्तकं वाचलीत, त्यांना तर ही मंडळी ओळखीचीच वाटतील. लांडगा बघून मी "अरे, हा तो!" असं मोठ्याने म्हणालो.

मंगळवारी संग्रहालय उघडलं. ते १९३५ पासूनचं आहे. गोलिकोव्हचं घरही आता संग्रहालय झालंय. अठराव्या शतकातलं क्रॉसचं चर्च आत जाऊन बघाच, कारण डबीवरच्या लांबट बोटांची, उंच माणसांची आणि पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांची मूळ वंशावळ तिथल्या भिंतींवर आहे. गाव लहान, तासाभरात पालथं घालता येतं. मुक्काम मात्र एक रात्रीचा ठेवाच. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर विचारून घ्या. वाटेत शुया शहर लागतं. तिथल्या चर्चचा घंटामनोरा शंभर मीटरहून उंच आहे, बसमधूनही दिसतो. तेवढ्यासाठी उतरायची गरज नाही.

एका चित्रकार बाईंच्या घरी आम्हाला काम बघायला मिळालं. ओळख भाचीच्या मैत्रिणीची. ओळख नसेल तर संग्रहालयात विचारा, कोण दाखवतं ते तिथे ठाऊक असतं. बाईंनी आधी काळ्या पृष्ठावर पांढऱ्या रंगात आकृती काढली, कारण काळ्यावर थेट रंग चढवला तर तो बुडतो. मग बलकात खललेले रंग, खारीच्या केसांच्या कुंचल्याने, थरावर थर. शेवटी सोनं. वर्ख डिंकाच्या पाण्यात बोटाने घोटून घोटून त्याचा रंग करतात. रेघा ओढून वाळल्या की त्या मळकट पिवळ्या दिसतात. मग लांडग्याच्या दाताने घासतात, आणि एकदम चमक येते. "खरंच लांडग्याचा?" मी विचारलं. बाईंनी दांड्याला बसवलेला दात माझ्या हातात दिला. गुळगुळीत, पिवळसर. पुढे वॉर्निशचे कितीतरी हात, मधे वाळवणं, आणि शेवटी तळहाताने पॉलिश.

मी पाहिलेल्या पेनांत दांडी कागदाची नव्हती. धातूची किंवा रेझिनची तयार पेनं येतात, त्यांच्यावर काळा लेप चढवून चित्र काढतात. म्हणजे निब, तिच्याखालची शाई पोचवणारी जीभ आणि शाई भरायची सोय हे सगळं दुसरीकडचं. म्हणून विकत घेताना चित्राच्या मोहात लिहून बघायचं विसरू नका. मी पाहिलेल्यांपैकी एक, सगळ्यात देखणं, इतकं कोरडं लिहीत होतं की दर तिसऱ्या अक्षराला शाई तुटायची.

दुसरी परीक्षा टोपणाची. आटे फिरवून बसणाऱ्या टोपणात बऱ्याचदा आट्यांच्या तीन-चार सुरुवाती असतात, त्यामुळे ते तीन-चार तऱ्हांनी बसतं. चित्र मात्र एकाच तऱ्हेने जुळतं. दुकानदारासमोर टोपण पाच-सहा वेळा काढून लावा. सांध्यावर घोड्याची मान आणि धड जुळतंय का बघा. क्लिप चित्राच्या मधून जात असेल तर वाईट दिसतं. क्लिपच नसेल तर पेन टेबलावरून घरंगळतं. मी हे हॉटेलात शिकलो. सुदैवाने खाली गालिचा होता.

नकली मालाबद्दल. मॉस्कोत पार्टिझान्स्काया मेट्रोजवळचा इझमाईलोवोचा बाजार शनिवार-रविवारी भरतो. मजा येते, जरूर जा. पण तिथल्या बऱ्याचशा डब्या-पेनांवर छापील चित्र चिकटवून वर चार ठिकाणी हाताने रंग लावलेला असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. छापील चित्र ठिपक्यांत फुटतं, हाताची रेघ सुरू होते आणि निमुळती होत संपते. सोन्याच्या रेघा एकसारख्या जाडीच्या असतील तर संशय घ्या. खऱ्या कामावर गावाचं नाव आणि चित्रकाराची सही असते, बहुतेक वेळा सोन्यात आणि मुंगीएवढी. सही असली म्हणजे माल खरा असं नाही, कारण सहीही छापता येते. पण सही नसेल तर किंमत पाडून मागायला हरकत नाही.

किमतीचं बोलायचं तर चित्रकाराकडून थेट घेतलेल्या माझ्या पेनाला आपल्याकडच्या स्कूटीएवढे पैसे पडले. परदेशी कंपन्या हेच काम सोन्याच्या निबेवर, मोजक्या नगांत विकतात, त्यांच्या किमती याच्या कितीतरी पुढे. त्या पेनांचं काम उत्तमच असतं, पण त्यांसाठी पालेखपर्यंत जायची गरज नाही.

पैशाचं नीट ऐका: २०२२ पासून आपले व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. सगळी रोकड बरोबर न्यावी लागते. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या नोटा घ्या. चुरगळलेली, शाईचा डाग असलेली नोट बँकेत परत करतात. माझ्या एका नोटेवर डाग होता. शाईचाच, आणि माझाच. रूबल मॉस्कोतच घ्या, पालेखमध्ये शोधत बसू नका. टॅक्सी ॲपवर रोख पैसे देता येतात. ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना मिळतो, पण मुक्कामाच्या दिवसांचे नियम अधूनमधून बदलतात, ते अर्ज करताना वाचा. रेल्वेच्या तिकिटावर स्थानकाचं नाव नीट बघा. मॉस्कोत मोठी स्थानकं बरीच आहेत आणि एकातून दुसऱ्यात पोचायला तास जातो. इव्हानोवोला 'लास्तोच्का' नावाची गाडी जाते, चारेक तासांत पोचवते. किरिल लिपी वाचण्यापुरती तरी शिकून जा, दोन संध्याकाळचं काम. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

सप्टेंबरचा शेवट मला मानवला. सकाळी पाच-सहा अंश, चिखल, पण उजेड सुंदर. खोलुयला एक दुपार गेलो, तेझा नदीच्या काठी. लाकडी घरं, शांतता, तिथलं छोटं संग्रहालय. काम पालेखपेक्षा मोकळं, रंग मऊ. पेन नव्हतं, म्हणून लवकर निघालो. भाची मात्र म्हणते, तिला तेच गाव सगळ्यात आवडलं.

नव्या वस्तूची पावती आणि चित्रकाराचं नाव लिहिलेला कागद हातातल्या सामानात ठेवा. जुनी डबी किंवा जुनं पेन घेणार असाल तर देशाबाहेर नेण्याची परवानगी लागू शकते, विकणाऱ्याला पैसे देण्याआधीच विचारा. विमानात पेन रिकामं न्या. घरी आल्यावर ते पाण्यात भिजत घालून धुवायचं नाही. फक्त निब आणि शाईची नळी काढून धुवायची. लिहिताना टोपण मागे खोचायचं नाही, वॉर्निशवर गोल चरा पडतो. खिडकीतल्या उन्हात ठेवायचं नाही.

माझ्या पेनावर राजपुत्र आणि करडा लांडगा आहे. लांडग्याचं तोंड टोपणावर, धड दांडीवर. बाईंनी निरोप देताना दाखवलं होतं: शेपटीचं टोक क्लिपच्या सरळ रेषेत धरायचं आणि मग फिरवायचं. घरी सगळ्यांना तसंच दाखवून ठेवलंय. तरी आठवड्यातून दोनदा तरी लांडगा बिनमुंडक्याचा सापडतो, आणि त्याच्या मानेच्या जागी सफरचंदाचं झाड.